विंडोजच्या खिडक्या मिंटच्या टेबलावर: व्हर्च्युअलबॉक्सचा सीमलेस मोड जुळवताना गेलेले पंधरा दिवस

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. डीटीपीच्या टेबलावरचा संगणक इंटेलच्या सहाव्या पिढीतला आय-५. विंडोज ११ ला आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे तो रस्ता बंद. संगणक लिनक्स मिंट २२.२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टमवर न्यायचा ठरला. पण लग्नपत्रिका आणि संस्थांच्या अहवालांच्या सगळ्या जुन्या फायली ज्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते फक्त विंडोजवर चालतं, आणि त्याचे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. फाईल दुसरीकडे कुठे उघडली, की 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसते कंस आणि उलटसुलट चिन्हं.

तेव्हा विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात ठेवायचं, आणि तेही डब्यात डबा असं न दिसता. व्हर्च्युअलबॉक्समधला सीमलेस मोड हेच करतो: गेस्टचा, म्हणजे आतल्या विंडोजचा, वॉलपेपर गायब होतो आणि त्यातल्या खिडक्या थेट होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या संगणकाच्या, डेस्कटॉपवर दिसतात. ही सोय त्यात २००७ पासून, १.५ या आवृत्तीपासून आहे. व्हीएमवेअरमध्ये तिला युनिटी म्हणतात, मॅकवरच्या पॅरलल्समध्ये कोहेरन्स. वाचताना वाटतं, एक बटण दाबायचं. मला १८ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर एवढा वेळ लागला. त्यातले निम्मे दिवस निव्वळ चुकीच्या जागी शोधण्यात गेले, म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतो.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी. दुसऱ्या एका संगणकावर २०१८ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स ५.२ मध्ये बनवलेलं विंडोज १० चं मशीन होतं, आणि त्यात टायपिंगचं सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं. फाईल मेनूतून 'एक्स्पोर्ट अप्लायन्स' करून ओव्हीए फाईल (सगळं मशीन एका फाईलमध्ये) काढली. ३४ जीबी, यूएसबी डिस्कवर जायला पाऊण तास. एक्स्पोर्टच्या आधी विंडोज पूर्ण बंद करा. 'सेव्ह्ड स्टेट'मधलं मशीन एका आवृत्तीतून दुसरीत नेलं की रडतं. विंडोजचा परवानाही याच टप्प्यावर पाहा. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो, व्हर्च्युअल मशीनमध्ये नेता येत नाही. या मशीनमधला परवाना पेटीतला, म्हणजे रिटेल होता, म्हणून प्रश्न आला नाही.

१९ ला मिंट बसवलं आणि व्हर्च्युअलबॉक्सची ७.१ मालिका घेतली. ७.२ ऑगस्टमध्येच आली होती, पण दोन महिन्यांच्या आवृत्तीवर सीझनचं काम टाकायची इच्छा नव्हती. इथे दोन अडथळे आले. दोन्हींचा सीमलेसशी थेट संबंध नाही, पण ते ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही चढू न देणारी संगणकाची सुरक्षा. तो चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सची कर्नल मोड्यूल्स (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचे भाग) सही केल्याशिवाय चढत नाहीत. इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहा आणि साधा ठेवा, कारण पुढच्या बूटला निळा पडदा येतो तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. या पडद्यावर 'एनरोल मॉक', मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तो पासवर्ड. पडदा दहा सेकंदच थांबतो. मी त्या वेळी चहा आणायला उठलो आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

दुसरा केव्हीएम, लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय. मिंट २२.२ चा कर्नल ६.१४ आहे. ६.१२ पासून केव्हीएम चढल्याबरोबर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय ताब्यात घेतं, आणि मग व्हर्च्युअलबॉक्स 'व्हीएमएक्स रूट मोड'ची तक्रार करून मशीन सुरूच करत नाही. बायोसमध्ये व्हीटी-एक्स (प्रोसेसरची तीच सोय) चालू आहे का हे तपासत बसू नका, ते चालूच असतं. ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग फाईलमध्ये कर्नल पॅरामीटरच्या ओळीत केव्हीएम, टिंब, मग 'एनेबल व्हर्ट ॲट लोड' हे चार शब्द अंडरस्कोरने जोडून, आणि शेवटी बरोबर शून्य. मग 'अपडेट-ग्रब' आणि रीस्टार्ट. (फोनवर सांगावं तसं लिहावं लागतंय, पण चुकतं ते अंडरस्कोरमध्येच.)

व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींचा वेगळा संच) बसवला नाही. यूएसबी २ आणि ३ चा आधार ७.० पासून मूळ पॅकेजमध्येच आहे, आणि पॅकचा फुकट परवाना वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरता आहे. दुकानात, ऑफिसात तो 'चालतंय की' म्हणून टाकू नये. सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची यूएसबी कळ) असेल तर आपला युझर 'व्हीबॉक्सयुझर्स' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट न करताच 'डोंगल दिसत नाही' म्हणणारे खूप असतात.

२० तारखेला ८ जीबीची आणखी एक पट्टी घातली, २,४०० रुपये. या साऱ्या प्रकरणातला रोख खर्च एवढाच. ओव्हीए आत घेताना मॅक पत्त्याच्या (नेटवर्क ॲडॅप्टरच्या ओळखक्रमांकाच्या) पर्यायात 'सगळ्या ॲडॅप्टरचे पत्ते तसेच ठेवा' हे निवडलं. तरीही विंडोजने ॲक्टिव्हेशन एकदा मागितलं. तेवढ्यापुरतं नेट दिलं, आणि नंतर नेटवर्क ॲडॅप्टर कायमचा बंद केला. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या विंडोजला इंटरनेट कशाला? फायली शेअर्ड फोल्डरमधून जातात-येतात.

मशीन चालू झालं. व्ह्यू मेनू उघडला तर 'सीमलेस मोड' फिकट. दाबताच येईना. उजवा कंट्रोल आणि एल, काही नाही.

इथून २३ पर्यंत मी जे केलं ते कुणी करू नये. गेस्ट ॲडिशन्स (गेस्टमध्ये बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम) काढल्या, घातल्या. पुन्हा काढल्या, पुन्हा घातल्या. ५.२ च्या ॲडिशन्स काढून ७.१ च्या घालणं बरोबरच होतं. डिव्हाइसेस मेनूतून सीडी इमेज आत टाकायची, इन्स्टॉलर चालवायचा, रीस्टार्ट. पण ते एकदा पुरे होतं. मी तीनदा केलं, कारण माऊस आत-बाहेर सहज सरकत होता आणि सेशन इन्फर्मेशनच्या रनटाइम पानावर ॲडिशन्सचा क्रमांकही बरोबर दिसत होता. म्हणजे ॲडिशन्स ठीक, बिघाड दुसरीकडे, असा निष्कर्ष. तो चुकला.

मधल्या काळात एक जुनाट गोष्ट मात्र सापडली. हे मशीन ५.२ मधलं, म्हणून त्याचा ग्राफिक्स कंट्रोलर अजून 'व्हीबॉक्सव्हीजीए' होता. सेटिंग्जच्या खिडकीत तळाशी 'इनव्हॅलिड सेटिंग्ज'चा इशारा येत होता, तो मी वाचलाच नव्हता. विंडोज ७ आणि पुढच्यांसाठी 'व्हीबॉक्सएसव्हीजीए', लिनक्स गेस्टसाठी 'व्हीएमएसव्हीजीए', आणि जुना व्हीजीए फक्त त्याहून पुरातन विंडोजसाठी. नवे दोन्ही २०१८ च्या अखेरीस ६.० मध्ये आले. त्याआधीची मशीनं आपोआप बदलत नाहीत. ७.१ मध्ये सेटिंग्जना 'बेसिक' आणि 'एक्स्पर्ट' असे दोन चेहरे आहेत. एखादा पर्याय सापडत नसेल तर आधी एक्स्पर्टवर जा.

भाऊबीज झाल्यावर, २४ ला, लॉग उघडला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मॅनेजरमध्ये मशीनवर उजवी क्लिक, 'शो लॉग', आणि शोधायचा शब्द 'कॅपॅबिलिटी'. ओळ साधारण अशी: गेस्ट ॲडिशन्स कॅपॅबिलिटी रिपोर्ट, पुढे कंसात दोन आकडे, मग 'सीमलेस: नो, होस्ट विंडो मॅपिंग: नो, ग्राफिक्स: येस'. माझ्याकडे शेवटचा आकडा ४ होता. यात सीमलेसचा बिट १ आणि ग्राफिक्सचा ४. दोन्ही हजर असतील तर ५ दिसायला हवा. म्हणजे पडद्याचा ड्रायव्हर बोलतोय, पण 'मी खिडक्या सांगू शकतो' असं म्हणणारा प्रोग्रॅम गेस्टमध्ये चालूच नाही.

सीमलेस चालतं कसं, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. गेस्टमधला एक छोटा प्रोग्रॅम सतत यादी पाठवतो: या क्षणी कुठल्या खिडक्या दिसताहेत आणि त्यांचे चौकोन कुठून कुठपर्यंत. होस्टवर प्रत्यक्षात सगळ्या पडद्याएवढी एकच मोठी खिडकी असते. व्हर्च्युअलबॉक्स त्या यादीप्रमाणे कात्री चालवून चौकोनांबाहेरचा भाग कापून टाकतो. बस, एवढंच. रांगोळीच्या छापासारखं: छिद्रं जिथे, तिथेच रंग. यादी आलीच नाही तर पर्याय फिकट. यादी चुकीची आली तर नको ते दिसतं. यादी बरोबर असून कात्री अडली तर काळं.

यादी पाठवणारा विंडोजमधला प्रोग्रॅम म्हणजे 'व्हीबॉक्सट्रे'. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप यादीत तो 'व्हर्च्युअलबॉक्स गेस्ट ॲडिशन्स ट्रे ॲप्लिकेशन' या नावाने दिसतो, आणि तिथे तो 'डिसेबल्ड' होता. कधीतरी मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून मीच बंद केला असणार. ॲडिशन्स तीनदा घालूनही फरक का पडला नाही तेही उलगडलं: विंडोज ही बंदी प्रोग्रॅमसोबत नाही, रजिस्ट्रीत नावानिशी वेगळी ठेवतं. प्रोग्रॅम काढा, घाला, बंदी जागेवरच. माऊस मात्र वेगळ्या ड्रायव्हरवर चालतो, म्हणून तो नीट होता. खरी खूण क्लिपबोर्डची होती: शेअर्ड क्लिपबोर्ड 'बायडायरेक्शनल' असूनही कॉपी-पेस्ट जात नव्हतं, आणि ते काम व्हीबॉक्सट्रेचंच. सीमलेस फिकट आणि क्लिपबोर्डही बंद, असं एकत्र दिसलं तर आधी ट्रेकडे पाहा. 'एनेबल' केलं, रीस्टार्ट, लॉगमध्ये ५. पर्याय गडद झाला.

पहिल्यांदा सीमलेसमध्ये जाताना एक खिडकी येते आणि परत कसं यायचं ते सांगते: होस्ट की (मुळात उजवा कंट्रोल) आणि एल. मेनू हवा असेल तर होस्ट की आणि होम. 'पुन्हा दाखवू नका'वर टिचकी मारण्याआधी हे वाचा, कारण आत मेनूबार नसतो.

आत गेलो, आणि सगळा पडदा काळा-करडा. मध्ये विंडोजचा वॉलपेपर, कडेला काळे तुकडे. मिंट कुठेच दिसेना. यात दोन दोष एकमेकांत गुंतलेले होते, आणि ते सुटे करायला २५ चा पूर्ण दिवस गेला.

काळे तुकडे थ्रीडी ॲक्सेलरेशनचे होते. डिस्प्ले सेटिंगमधली ती खूण काढली आणि ते गेले. टायपिंगला थ्रीडी लागत नाही, त्यामुळे मी परत लावून पाहिलं नाही. एका वेळी एकच बदल करा आणि दर बदलाआधी स्नॅपशॉट घ्या (मशीनची त्या क्षणाची नोंद, जिच्यावर परत जाता येतं). ३४ जीबीच्या मशीनचाही स्नॅपशॉट बंद स्थितीत काही सेकंदांत होतो.

वॉलपेपर मात्र राहिलाच. गेस्टमध्ये सगळ्या खिडक्या बंद केल्या तरी पूर्ण डेस्कटॉप दिसतोय, म्हणजे यादीत पडद्याएवढा एक चौकोन आहे. पण कुणाचा? घड्याळाशेजारचे प्रोग्रॅम एकेक करून बंद केले. दोषी निघाली कीबोर्डची मांडणी दाखवणारी एक छोटी युटिलिटी. कोपऱ्यात अक्षरांचा तक्ता दिसावा म्हणून ती सगळ्या पडद्यावर पारदर्शक खिडकी पसरते. आपल्याला तक्ताच दिसतो, यादीत जातो तो अख्खा पडदा. स्क्रीन रेकॉर्डर, पडद्यावर पेनने लिहायची साधनं, काही 'ओव्हरले', सगळ्यांकडून हे होऊ शकतं. ती स्टार्टअपमधून काढली आणि मिंटचा वॉलपेपर दिसला, त्यावर टायपिंगची खिडकी. त्या क्षणी बरं वाटलं, हे खरं.

२६ आणि २७ बारीकसारीक गोष्टींत गेले.

खाली मिंटचा पॅनेल, त्याच्या डोक्यावर विंडोजचा टास्कबार. दोन पट्ट्यांत २२ इंची मॉनिटरची उंची गेली. विंडोज १० मध्ये टास्कबार डावीकडे किंवा वर नेता येतो. मी डावीकडे ठेवून आपोआप लपणारा केला. विंडोज ११ मध्ये जागा बदलता येत नाही, तिथे लपवणं एवढंच. व्हर्च्युअलबॉक्सची स्वतःची छोटी पट्टीही खालून डोकावते. मशीनच्या सेटिंग्जमध्ये 'युझर इंटरफेस' या पानावर ती वर नेता येते किंवा बंद करता येते. मी वर नेली. बंद करू नये; कधीतरी तीच बाहेर काढते.

खिडक्यांच्या डाव्या, उजव्या आणि खालच्या कडेला वॉलपेपरची बारीक पट्टी दिसत होती. विंडोज १० खिडकीभोवती काही पिक्सेलची अदृश्य कड धरतं, माऊसने ताणता यावी म्हणून. चौकोन त्या कडेसकट जातो. ती पट्टी घालवायचा मार्ग मला मिळाला नाही, पण लपवता येते: गेस्टचा वॉलपेपर काढून होस्टच्या वॉलपेपरशी जुळणारा सपाट रंग द्या, आणि परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये खिडक्यांच्या सावल्या बंद करा. मी दोन्हीकडे एकच गडद राखाडी रंग दिला.

होस्ट की म्हणून ठरलेला उजवा कंट्रोल टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलण्यासाठी लागतो. प्रेफरन्सेसच्या इनपुट पानावर होस्ट की स्क्रोल लॉक केली. एवीतेवी ते बटण कुणी दाबत नाही.

२८ ला दुसरा, जुना १९ इंची मॉनिटर जोडला. गेस्टची खिडकी ओढत नेली तर ती पहिल्याच्या काठावर अडकते, कारण गेस्टला एकच पडदा माहीत असतो. मशीन बंद करून मॉनिटर काउंट २ करायचा, आणि मग व्ह्यू मेनूतून दुसरा व्हर्च्युअल स्क्रीन चालू करून तो कुठल्या खऱ्या मॉनिटरवर जाईल ते सांगायचं. व्हिडिओ मेमरी इथेच तोकडी पडते. हिशोब सोपा: रुंदी गुणिले उंची गुणिले ४ बाइट. १९२० बाय १०८० ला सुमारे ८ एमबी, म्हणजे तसे दोन पडदे १६ मध्ये काठोकाठ, आणि फोरके एकटाच ३२ च्या आसपास. माझ्या मशीनला १२८ होते, निभावलं. कमी असतील तर व्हर्च्युअलबॉक्स किती हवेत तो आकडाच सांगतो.

१ नोव्हेंबरला एका ओळखीच्यांचं उलटं प्रकरण पाहिलं: होस्ट विंडोज, आत उबुंटू २४.०४. लक्षण तेच, पर्याय फिकट, लॉगमध्ये 'सीमलेस: नो'. उबुंटूत यादी पाठवणारा प्रोग्रॅम 'व्हीबॉक्सक्लायंट', आणि त्याला खिडक्यांची यादी एक्स-११ कडूनच मिळते (पडद्यावर खिडक्या मांडणारी लिनक्समधली जुनी यंत्रणा; वेलँड ही नवी). उबुंटू मात्र मुळात वेलँडवर सुरू होतं. सेटिंग्जमधल्या 'सिस्टम डिटेल्स'मध्ये 'विंडोइंग सिस्टम' पाहिलं की कळतं. लॉगिनच्या पडद्यावर नावावर क्लिक केल्यावर खाली कोपऱ्यात दातेरी चाक येतं, त्यातून 'उबुंटू ऑन झॉर्ग' (म्हणजे एक्स-११) निवडलं. दहा मिनिटांत काम झालं. २५.१० मध्ये ती सोय काढली आहे, त्यामुळे सीमलेस हवंच असेल तर गेस्टमध्ये एक्सएफसीईसारखा एक्स-११ वर चालणारा डेस्कटॉप घ्या. माझं होस्टवरचं मिंट सिनामन मुळात एक्स-११ वरच चालतं, म्हणून ही भानगड मला लागली नाही.

काही गोष्टी सीमलेस करत नाही, त्या आधीच माहीत असाव्यात. ऑल्ट-टॅबमध्ये गेस्टच्या खिडक्या वेगवेगळ्या येत नाहीत. होस्टच्या लेखी ती एकच कापलेली खिडकी, त्यामुळे एकीवर क्लिक केलं की गेस्टच्या सगळ्या पुढे येतात. मिंटमधला पीडीएफ दोन विंडोज खिडक्यांच्या मध्ये सरकवता येणार नाही. मी गेस्टला दुसरं वर्कस्पेस देऊन टाकलं. ज्यांना खरोखर सुट्या खिडक्या हव्यात त्यांनी रिमोटॲपचा (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून एकेक प्रोग्रॅम वेगळा दाखवण्याचा) मार्ग पाहावा, पण त्याला आतलं विंडोज प्रो किंवा वरचं लागतं, होम चालत नाही.

छपाईसाठी प्रिंटर गेस्टला जोडलाच नाही. टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ शेअर्ड फोल्डरमध्ये काढायची आणि मिंटमधून छापायची. पहिली पीडीएफ काढल्यावर तिचे गुणधर्म उघडून फॉन्ट आत बसलेत का ते बघा. न बसलेले जुने फॉन्ट मिंटमध्ये पुन्हा त्याच कंसांत आणि चिन्हांत बदलतात.

२ नोव्हेंबरला, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, पहिली पत्रिका अशी निघाली. त्यानंतर मशीन बंद करून एक स्नॅपशॉट घेतला आणि नाव दिलं 'सीमलेस ठीक'. १२ ला मिंटने कर्नल अपडेट केला आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होईना. कर्नल मोड्यूल नव्या कर्नलसाठी बनलं नव्हतं. टर्मिनलमध्ये सुडो लावून 'व्हीबॉक्सकॉन्फिग' चालवलं, दोन मिनिटं लागली. मग लॉग उघडून कॅपॅबिलिटीची ओळ पाहिली. ५ होता.